नववी फरशी

तिसऱ्या टेकला माझ्या लक्षात आलं की ताई सरळ चालत नाहीये. म्हणजे आठव्या फरशीपर्यंत ती अगदी रेषेत येत होती, मान ताठ, हातात बॅग, डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. नवव्या फरशीपाशी मात्र तिचा खांदा वळायचा, ती मोकळ्या भिंतीला घासून दोन पावलं आडवी टाकायची, पोट आत घ्यायची, आणि अकराव्या फरशीवर पुन्हा मधोमध यायची. अरुंद जागेत समोरून कुणी आलं की आपण अंग चोरतो ना, तसं. समोरून कुणी येत नव्हतं. समोर इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा केलेला मोबाईल होता, मोबाईलमागे दिग्दर्शिका म्हणून मी होते, आणि माझ्या पायाशी मांडी घालून खार बसली होती. खार म्हणजे माझी मैत्रीण. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून खार. तिचा मामा लग्नांचं शूटिंग करतो, त्याचा छोटा रेकॉर्डर आणि हेडफोन तिने मागून आणले होते, म्हणून ती आमची ध्वनिमुद्रक. आणि ताई ही तिची सख्खी मोठी बहीण. नाच शिकते, चालते तर अशी की आपण बघत राहावं. आमच्या घरी ती त्या शनिवारी सकाळी पहिल्यांदाच आली होती. हे महत्त्वाचं आहे. पहिल्यांदाच.

मी तिला म्हटलं, ताई, मध्येच सरकू नकोस गं. ती म्हणाली, कुठे सरकले मी? मी तिला मोबाईलवर दाखवलं. तिने दोनदा पाहिलं, हसली, मग हसणं अर्धवट सोडून कॉरिडॉरकडे बघत राहिली. “मला वाटलं, कुणीतरी येतंय,” ती म्हणाली. “वाट द्यावी.” खार खालून म्हणाली, हिच्या घरात डास येतात फक्त, त्यांना वाट दे. आम्ही तिघी हसलो. मी जरा जास्तच हसले. माझं हसू हल्ली सगळ्यांपेक्षा एक नंबर मोठं असतं.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत असं नव्हतं. तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढायचे, चौकोनाला चौकोन जोडून पान संपेपर्यंत, आणि कुणी काही विचारलं की मान हलवायचे, हो की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मग एकदा भूगोलाच्या सरांनी फळ्यावर नदी उलटी वाहवली आणि माझ्या तोंडून आलं, सर, ही डोंगर चढतेय. सगळा वर्ग हसला, मला नाही, माझ्याबरोबर. सरसुद्धा हसले. तेव्हापासून माझा आवाज जो सुटलाय तो आवरत नाही. आई म्हणते, तुझी तोटी बिघडलीय. आई दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसते, दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या जागी, म्हणून तिला घरात बंद तोंडं आवडतात असं ती म्हणते. पण ती मनापासून म्हणत नाही. शुक्रवारी मी घरी येऊन सांगितलं की मी फिल्म करतेय, तेव्हा तिने माझ्या गालाला हात लावला आणि ताप बघतात तसा थोडा वेळ ठेवला.

शुक्रवारचं असं झालं की चित्रकलेच्या बाईंनी पाच गट केले होते, प्रत्येकी तीन मिनिटांची फिल्म, सोमवारी शाळेच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर सगळ्यांच्या आईवडलांसमोर. एका गटाचं भांडण झालं आणि तो फुटला. बाई म्हणाल्या, आता रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत नवीन फिल्म कोण करणार, पाचव्या फिल्मची जागा आपण रिकामी ठेवू, तीन मिनिटं नुसता पांढरा पडदा. रिकामी ठेवू, हे शब्द बाईंनी सहज म्हटले, पण ते ऐकताच एक हात वर गेला. हात वर गेल्यावर मी बघितलं तो माझाच होता. पुढे बसणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, ही? आणि त्या एका अक्षरासाठी मला ती फिल्म पुरी करायची होती. न झाली तर मी परत शेवटच्या बाकावर जाणार, चौकोन काढत, हे मला दात घासतानासुद्धा दिसत होतं.

गोष्ट साधी होती. एक बाई फार दिवसांनी रिकाम्या घरी परत येते. कुलूप काढते, लांबलचक कॉरिडॉरमधून चालत स्वयंपाकघरात जाते. ओट्यावर एक कप असतो. ती हात लावते. कप गरम असतो. संपलं. कुलूप मी सकाळीच टिपलं होतं, कपसुद्धा, वाफेसकट, आईने दहा वेळा पाणी उकळून दिलं होतं. राहिला होता तो फक्त कॉरिडॉर. बाईंनी सांगून ठेवलं होतं की चालणं कधी तोडायचं नाही. बघणारा माणूस पात्राबरोबर चालत असतो, मध्ये तोडलंत की तो अडखळतो. शिवाय आमच्या घरात दाखवण्यासारखं दुसरं आहे काय? दोन खोल्या, त्यांच्यामध्ये हा कॉरिडॉर, तीन फरश्या रुंद आणि सतरा फरश्या लांब. एका बाजूची भिंत मोकळी, दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर दिव्यांची बटणं. आणि फरश्या अशा बसवलेल्या की एका टोकाला गोटी सोडली तर जिथे सोडली तिथेच राहते.

बाबांनी बसवल्या होत्या. बाबा फरशीकाम करायचे, तेच त्यांचं शिक्षण आणि तीच त्यांची विद्या. कुणाच्याही घरी गेलो की लोक भिंतीवरचे फोटो बघायचे आणि बाबा खाली. परत येताना रस्त्यात म्हणायचे, माणसं चांगली आहेत, पण दाराशी सांधे फाकलेत. नवीन बसवलेली फरशी ते बोटाच्या पेराने ठोकून बघायचे, कान जवळ नेऊन, डॉक्टर छाती ठोकतात तसं. भरीव असली की आवाज जमिनीत जातो, खाली हवा राहिली असली की वर येतो. पोकळ फरशी वाजते, बाबा म्हणायचे. लपवता येत नाही. मी लहान असताना त्यांच्यामागून रांगत सगळं घर ठोकत फिरायचे. माझं डोकं सुद्धा ठोकून घ्यायचे त्यांच्याकडून. भरीव आहे, असं ते गंभीरपणे सांगायचे.

तर शनिवारी मी पांढरी चिकटपट्टी आणली आणि मधल्या ओळीवर या दारापासून त्या दारापर्यंत चिकटवली. ताईला म्हटलं, यावरून चाल, दोरीवरून चालतात तशी. ती चालली. आठव्या फरशीपर्यंत पट्टीवर, नववी आणि दहावी भिंतीला चिकटून, अकरावीपासून परत पट्टीवर. सात टेक झाले. सातही वेळा तिने शप्पथ घेऊन सांगितलं की मी सरळ आले. मधेच पाण्याचा कॅन घेऊन माणूस आला. नवीनच आहे, महिनाभरापासून येतोय. खांद्यावर कॅन, मोबाईल चालू असताना आमच्या शॉटमधून धपाधपा चालत आत, आणि नवव्या फरशीपाशी, एवढा कॅन सावरत, अंग चोरून भिंतीकडून. खार म्हणाली, याला घेऊया, हा ताईपेक्षा नैसर्गिक आहे. पण या वेळी माझं हसू वर आलंच नाही. मोकळ्या भिंतीवर, बरोबर खांद्याच्या उंचीवर, एक लांबट मळका डाग आहे. मला वाटायचं तो जुना आहे. मी जवळ जाऊन त्याला बोट लावलं तर ते थोडं तेलकट झालं.

मग आवाज घ्यायचा होता. बाईंचं म्हणणं, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ती एक मिनिट वेगळी टिपून ठेवावी, जोडकामाला लागते. आम्ही तिघी कॉरिडॉरच्या टोकाला श्वास रोखल्यासारख्या बसलो. आई कामावर गेली होती. खिडक्या बंद, पंखा बंद. एक मिनिट शांत बसलात की कळतं किती लांब असतं ते. खारने मधेच डोळे वटारून माझ्याकडे बघितलं. मिनिट संपल्यावर हेडफोन काढून म्हणाली, पाय वाजवलास ना मूर्खासारखा? मी वाजवला नव्हता, मांडी घालून बसलेली मी, कशाने वाजवणार? तिने परत लावून मला ऐकवलं. हेडफोनमध्ये घराची शांतता पाण्यासारखी भरलेली होती, तिच्यात लांबवर कुठेतरी आपलंच रक्त वाहतंय असं वाटावं, आणि अडतिसाव्या सेकंदाला, टक. हलका. पोकळ. वर येणारा आवाज. खार म्हणाली, बहुतेक पाईप असेल. मी म्हटलं, हो, पाईप. त्या घरात मी जन्मल्यापासून राहतेय, पाईप कुठून जातात मला ठाऊक आहे.

रविवारी ताईचे आणखी चार टेक झाले. चारही तसेच. दोन वाजता तिची नाचाची तालीम होती, ती निघाली. जाताना दारात थांबून म्हणाली की तुमचं घर छान आहे गं, गजबजलेलं, आणि स्वतःच्याच शब्दाचं तिला नवल वाटलं असावं, कारण चप्पल घालता घालता तिने एकदा मागे वळून बघितलं. उरले तीन तास. खारने सुचवलं की सरळ कापून टाक ते, आठपर्यंत दाखव, मग अकरापासून. मी तसं जोडून बघितलं. बाई चालत येते, येते, आणि एका ठिकाणी नसतेच. मग असते. पंधरा वेळा लावून बघितलं. पंधराही वेळा माझी नजर त्या नसण्याच्या जागी जाऊन पडायची आणि तिथून उठायची नाही. ती जागा मला माहीत होती. अगोदरपासून माहीत होती. मी फक्त फरश्या मोजायचं टाळत होते.

मागच्या वर्षी बाबांची उजवी बाजू गेली. कामावरच, सिमेंट कालवताना. दीड महिना दवाखान्यात, मग घरी, मग वॉकर, तो चार पायांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, रोज बारा फेऱ्या मारायच्या. बाबा मधल्या ओळीवरून चालायचे, कारण मधली ओळ त्यांना विश्वासाची वाटायची. वॉकर पुढे, पाय मागून, वॉकर पुढे, पाय मागून. कॉरिडॉर सगळा त्यांचा होता. मी आणि आई मोकळ्या भिंतीला चिकटून जायचो, खांदा घासत, पोट आत घेऊन. बाबा म्हणायचे, वाहतूक पोलीस बोलावू का? त्यांची जीभही जड झाली होती, त्यामुळे विनोद पोचायला वेळ लागायचा आणि तोवर आपण पुढे गेलेलो असायचो.

त्या सकाळी मला उशीर झाला होता. काय म्हणून, ते आठवत नाही. बस सात पस्तीसची. बाबा माझ्याकडे तोंड करून येत होते, सहावी फेरी असेल. मी म्हटलं, बाबा, सरका ना. ते सरकायला लागले. सरकायला त्यांना वेळ लागायचा, आधी ठरवायचं, मग वॉकर उचलायचा, मग पायाला कळवायचं. मी थांबले नाही. भिंतीकडूनही गेले नाही. मधून गेले. माझ्या दप्तराचा कोपरा त्यांना लागला. ते धाडकन पडले नाहीत. ते बसले, फरश्यांचा गठ्ठा आपण जपून खाली ठेवतो तसं त्यांनी स्वतःला खाली ठेवलं, आणि वॉकर आडवा होऊन त्याचा एक पाय फरशीवर आपटला. मी दाराच्या कडीला हात लावून वळले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. डाव्या हाताच्या पेराने त्यांनी बाजूची फरशी ठोकली, मान तिरकी करून ऐकलं, आणि म्हणाले, “नववी सुटली. बघू नंतर.” मी विचारलं, लागलं का. ते म्हणाले, “जा. बस जाईल.”

आणि मी गेले. बस मिळाली. बसमध्ये खारने काहीतरी सांगितलं आणि मी हसले, इतकं हसले की डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी आईने सांगितलं की बाबा घसरले सकाळी, एकटेच उठले कसेबसे, कुणाला हाक मारायला काय होतं या माणसाला. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ते खरंच झोपले होते की नाही ते मी बघायला गेले नाही. बाविसाव्या दिवशी त्यांना दुसरा झटका आला, त्यातच ते गेले. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तवाहिनीबद्दल बरंच सांगितलं. कुणी फरशीबद्दल विचारलं नाही, म्हणून मीही काही बोलले नाही, आणि न बोलायची मला सवय लागली, इतकी की पुढे शाळेत कुणी वेळ विचारली तरी मान हलवायचे. नववी फरशी पोकळच राहिली. पण ती कधी वाजली नाही, कारण तिच्यावर पाय कोण देतंय? आम्ही दोघी आजही भिंतीकडून जातो. हे मला रविवारी दुपारी, चार वाजता, स्वतःच्या फिल्ममधून कळलं.

आई चहाची भांडी आवरत होती. मी तिला म्हटलं, ताई गेली, आता तू चाल, पाठीमागून टिपते, चेहरा दिसणार नाही, फक्त एकदा सरळ चालून दाखव. मी नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणत होते, विनोद करत, हातवारे करत, तुला सभागृहात टाळ्या मिळतील वगैरे. आईने नळ बंद केला. हात पुसले, बोटं एकेक करून, फार सावकाश. खार पलीकडे खाली मान घालून वायर गुंडाळत होती.

“मला नाही जमायचं,” आई म्हणाली. “तूच चाल. तुझंच राहिलंय ते.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर वळवली नाही, रागही दिसला नाही. दुसऱ्याची वस्तू खूप दिवस सांभाळून ठेवली आणि आता परत दिली, असा चेहरा. आईला किती माहीत होतं, कधीपासून, बाबांनी सांगितलं की तिने पाहिलं, हे मी विचारलं नाही. सव्वाचार होत होते. ताईची बॅग ताईबरोबर गेली होती, म्हणून मी शाळेचं दप्तर घेतलं. तेच. आईची साडी नेसायला वेळ नव्हता म्हणून तिचा लांब कोट चढवला. खारने रेकॉर्डर मोकळ्या भिंतीपाशी खाली ठेवला, हेडफोन लावले, मोबाईल चालू केला. मी बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहिले. इस्त्रीच्या टेबलामागे, स्वयंपाकघराच्या चौकटीत, आई.

दुपारचं ऊन मागून आत येत होतं आणि माझी सावली माझ्याआधी सहाव्या फरशीपर्यंत पोचली होती. चल, असं मी मलाच म्हटलं. एक. दोन. पायांना फरशीचे सांधे कळत होते, कागदाची कड बोटाला कळते तसे. पाच. सहा. सातव्या फरशीवर माझा खांदा आपोआप वळायला लागला. आपलं शरीर आपल्याला न विचारता किती कामं करतं. मी तो धरून ठेवला, दातांखाली जीभ धरतात तसा. मला पळून जावंसं वाटत होतं आणि मी मुद्दाम सावकाश चालले, वॉकरच्या चालीने, आधी ठरवायचं, मग पायाला कळवायचं. आठ. समोरची हवा बदलली. गार झाली असं नाही म्हणत मी, तसं पिक्चरमध्ये होतं. उलट उबदार वाटली, आणि सिमेंटचा, ओल्या सिमेंटचा वास आला, किंवा मला तो हवा होता. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, बाबा, सावकाश होऊ द्या. मी थांबते. आणि मी थांबले. आठव्या फरशीवर, शॉट चालू असताना, किती वेळ कुणास ठाऊक. मग पाय उचलून नवव्या फरशीवर ठेवला. खांद्याला काही लागलं नाही. दहा, अकरा, बारा, सतरा.

खारने हेडफोन काढले नव्हते. तिचा तोंडातला घास तसाच होता. ती म्हणाली, छान झालं, एकदम सरळ. मग म्हणाली, तू नवव्या फरशीवर दोनदा पाय दिलास का? मी म्हटलं, एकदाच. तिने ऐकवलं. माझी पावलं येतात, थांबतात. शांतता. मग टक. मग थोड्या वेळाने, टक. दुसरा माझा होता, मी पाय ठेवल्यावरचा. पहिला त्याच्या आधीचा. सुटलेली फरशी कुणी तिच्यावर उभं राहिलं की वाजते, तशी भार उतरला की पण वाजते, हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

आम्ही घाईघाईने जोडकाम केलं. बटणं दाबता दाबता मला गावंसं वाटत होतं. कुलूप, चालणं, कप. दोन्ही टक मी ठेवले. पाचला चार मिनिटं असताना फिल्म बाईंकडे गेली. पण पाठवण्याआधी मी शेवटी एक तुकडा जोडला, जो मी ठरवून टिपलेला नव्हता. माझं चालणं झाल्यावर मोबाईल बंद करायला आम्ही दोघी विसरलो होतो. तो टेबलावर तसाच चालू होता आणि त्यात आई आली होती. स्वयंपाकघरातून निघून, आमच्या मागून, पाठमोरी, खांद्यावर ओला टॉवेल, बाहेरच्या खोलीकडे. रोज दहा वेळा जाते तशीच. सोमवारी सभागृहात मी शेवटच्या रांगेत उभी होते, आई पुढे कुठेतरी बसली होती, आणि पडद्यावर ती केवढी तरी मोठी होऊन त्या फरश्यांवरून चालत गेली. अकरा, दहा. आणि तिथे तिने अंग चोरलं. पण मोकळ्या भिंतीकडे नाही. त्या भिंतीपाशी आता कुणीतरी वाट देऊन उभं असावं तशी ती उलट्या बाजूला सरकली, बटणांच्या भिंतीकडे, जिकडे आम्ही कधीच जात नाही. तिच्या खांद्याचा धक्का लागला, आणि भर दिवसा कॉरिडॉरमधला दिवा लागला.